चुन्यानं आखलेलं कोडं

"बाई, शाळंला कुलूप कधी लावतायसा?"

तानूबाईनं हा प्रश्न मला शाळेच्या दारात विचारला, तोही हजेरी चालू असताना आणि पोरांच्या देखत. डोक्यावर घागर, पदराला लोंबकळणारा पाच वर्षांचा नातू विरू, आणि आवाज असा की समोरच्या माळावरची मेंढरंही मान वर करतील. मी हजेरी थांबवली.

"कुलूप कशाला लावू?"

"दिवाळी झाली की समदी पोरं पिवळ्या गाडीत बसनार. मंग तुमी एकट्या भिताडाला शिकवनार व्हय?"

पोरं खुदखुदली. मी डोळे वटारले तशी गप्प झाली, पण त्यांचे कान दाराकडेच होते.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? गाडीवालं सर शिदाप्पा आबाकडं येऊन गेलं की. तितं पोरं विंग्रजी बोलत्यात म्हनं. पायात बूट घालत्यात. गाडी दारात येती आन् दारात सोडती. तुमच्या शाळंत काय हाय? पयलीपासनं चौथीपतुर समदी एकाच खोलीत, खुराड्यात कोंबड्या कोंडल्यागत!"

माझा स्वभाव तसा गरीब नाही. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसायला घाबरते. त्या दिवशी तर माझ्या तोंडून विचार करायच्या आतच निघून गेलं, "तानूबाई, त्या गाडीतल्या पोरांना आणा इथं. बसवा माझ्या पोरांसमोर. इंग्रजी शब्दांत माझी पोरं कमी पडली तर मीच कुलूप लावीन आणि किल्ली तुमच्या हातात देईन."

"आसं?" तानूबाई म्हणाली. घागर सावरली आणि तडक आबांच्या घराच्या दिशेनं चालू पडली. विरू तिच्यामागं फरफटत गेला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जत तालुक्यातली गडदेवस्ती म्हणजे धनगरांची पाचपन्नास घरं, एक बिरोबाचं देऊळ, एक हापसा आणि माझी एक खोलीची शाळा. दिवाळी उरकली की वस्तीतली कर्ती माणसं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. मागं उरायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या पोरांवर माझी शाळा चालायची. ती गाडीत बसली की पट कोसळणार आणि पट कोसळला की शाळा बंद, हे सांगायला वरून कुणी यायची गरज नव्हती.

खरं तर मला बरंच झालं असतं. माझं माहेर कराडचं. दसऱ्याला घरी गेले तेव्हा पटाची काळजी बोलून दाखवली, तर भाऊ म्हणाला, "ताई, शाळा बंद पडली तर तुला इकडं जवळपास जागा मिळेल. देवानंच दिलेली संधी आहे, कशाला जीव जाळतेस?" मी त्याला म्हटलं, "देवाला सांग, मी मागितली नव्हती." आले तेव्हा त्या खोलीत फळा सोडून काही नव्हतं. एकेका घरात जाऊन, मेंढरांमागून ओढून आणून मी पोरं बसवली होती. ती एखाद्या गाडीनं हॉर्न वाजवून घेऊन जावीत, हे माझ्याच्यानं सहन होणार नव्हतं.

आणि इंग्रजीचं म्हणाल, तर त्या वर्षी माझ्या पोरांनी मला चकित केलं होतं.

आधी माझी तऱ्हा इतरांसारखीच होती. फळ्यावर शब्द लिहायचा, पोरांनी घोकायचा, दुसऱ्या दिवशी विसरायचा. एकदा संध्याकाळी शाळेवरून कळप चालला होता. शेकडो मेंढरं, सगळी सारखीच. तिसरीतला धुळा माझ्याशेजारी उभा होता. तो एकदम म्हणाला, "बाई, ते बगा माझं कोकरू." मला तर सगळी एकाच वाणाची दिसत होती. "ओळखलंस कसं?" "आसं कसं? माझं हाय न्हवं ते!" वस्तीतल्या प्रत्येक पोराला एखादं कोकरू दिलेलं असतं. ते त्याचं. त्याला पाजायचं, चारायचं, लंगडलं तर खांद्यावर घ्यायचं. आपलं कोकरू कुणी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शब्द वाटले. प्रत्येकाला त्याचे त्याचे, एकेक करून, पुढ्यात उभं करून. "हा तुझा. याची अक्षरं अशी, याचा अर्थ असा. सांभाळायचा." धुळ्याला 'होरायझन' दिला, कारण तो सारखा माळाच्या टोकाकडं बघत बसायचा. कुणाला 'थंडर', कुणाला 'लॅडर', कुणाला 'शॅडो'. तानूबाईची थोरली नात मायाक्का, पोरांची मायी, चौथीत होती, वस्तीतली सगळ्यांत तल्लख आणि सगळ्यांत भांडखोर पोरगी. तिला मी 'वेल' दिला, विहीर. ती फुरंगटली.

"एवढासाच? मला लांबडा द्या की, बाई."

"लांबडा कुठला देऊ?"

"त्यो छत्रीचा. अम्ब्रेला. दुसऱ्या कुनाला देऊ नका, हरवील."

दिला. मग महिन्याभरात आणखीही दिले.

शनिवारी सकाळची शाळा. अंगणात मी चुन्यानं चौकोन आखायची, आडवे आणि उभे, वर्तमानपत्रातल्या कोड्यासारखे. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली होती. मी मराठीतून खूण सांगायची, "आभाळ आणि माळ जिथं टेकतात ती रेघ." की धुळा कोंबड्यासारखा मान ताणून पुढं यायचा, आपल्या शब्दाचं पहिलं घर पकडायचा आणि बाकीच्यांच्या हातात अक्षरं देऊन त्यांना चौकोनांत उभं करायचा. शब्द उभा राहिला की सगळी मिळून तो ओरडायची. आडव्यात उभा शब्द अडकला की एकच पोर दोन्हींत उभं, आणि तेवढ्यावरून जी मारामारी व्हायची ती सोडवता सोडवता माझी सकाळ जायची. ज्याचा शब्द तो त्या दिवशी आला नसेल तर पोरं ती घरं मोकळी सोडून पुढं जायची. मला तो त्यांच्या खेळाचा नियम वाटायचा. खेळ म्हटला की नियम आलेच.

एकंदरीत, मी जे तोंडातून काढलं होतं ते अगदीच हवेत नव्हतं.

संध्याकाळी शिदाप्पा आबांनी मला बोलावणं धाडलं. आबा म्हणजे वस्तीचा शेवटचा शब्द. देवळाच्या कट्ट्यावर घोंगडी टाकून बसले होते, शेजारी तानूबाई.

"बाई, पैज लावलीसा म्हनं?"

"पैज नाही आबा. पारख करा म्हणाले."

"बरं झालं. मेंढरं हलायच्या आदी काय ते एकदा ठरवाय पायजे. मागं पोरं ठिवून जायाचं म्हंजी जीव ऱ्हात न्हाई हो. गाडीवाल्या सरास्नी सांगतो. रईवारी सकाळी हितं, बिरोबाम्होरं."

"आन् बरोबरी झाली तर?" तानूबाईनं विचारलं.

आबा विचारात पडले. तानूबाईनंच उत्तर देऊन टाकलं. "बरोबरी झाली तर गाडी बरी. पोरास्नी चालाय तरी लागनार न्हाई."

आबांनी मान हलवली. म्हणजे मला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी म्हणजेसुद्धा हार.

मी कंबर कसली. रोजच अंगणात चुना पडू लागला. पोरंही पेटून उठली होती, कारण पिवळ्या गाडीत बसायची हौस सगळ्यांनाच होती तरी पिवळ्या गाडीतल्या पोरांकडून हरायची कुणाचीच तयारी नव्हती. मायाक्का तर मेंढरं हाकावीत तशी सगळ्यांना हाकत होती. ती होती म्हणून मी निर्धास्त होते.

आणि बुधवारी सकाळी ती शाळेच्या दारात आली ती पाठीला बोचकं बांधून.

"बाई, आमी निगालो."

मी बाहेर धावले. तिचा बाप लकाप्पा कळप घेऊन वाटेवर उभा होता. यंदा माळावर गवताची काडी उरली नव्हती आणि त्याचा कळप मोठा. तो दिवाळीची वाट बघणार नव्हता.

"लकाप्पा, रविवारपर्यंत थांबा. नाहीतर पोरीला तरी ठेवा. आजी आहे की."

"न्हाई जमायचं, बाई. घरवालीच्या वटीत तान्हं हाय. कोकरं कोन बगनार? पोरगी हाताखाली पायजेच." तो वाईट माणूस नव्हता. माझ्याकडं न बघताच बोलला. "धाकली दोगं हायतच की तुमच्याकडं. धाकली गंगी शाळंत येतीच, इरू आजीकडं हाय."

मी मायाक्काच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात सगळी पोरं तिच्याभोवती जमली. ती पाटावर बसल्यासारखी मांडी घालून वाटेतच बसली आणि आपले शब्द एकेक करून सांगू लागली, अक्षरांसकट, आणि पोरं तिच्यामागून म्हणू लागली. अम्ब्रेला झाला, वेल झाला, सगळे झाले. बापानं हाक मारली तशी उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "बगा रं नीट."

मला हायसं वाटलं. शहाणी पोर, जाताना आपले शब्द वाटून गेली. आता कोड्यात तिचा शब्द आला तरी कुणी ना कुणी सांगेल.

रविवारी देवळापुढं जत्रा भरल्यासारखी माणसं. पुरुष फेटे बांधून, बायका पोरं कडेवर घेऊन. पिवळी गाडी आली आणि तिच्यातून देशमाने सर उतरले. मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या घातल्या होत्या, पण माणूस समोर आला तो साधा, हसऱ्या चेहऱ्याचा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडलेला. त्यांची पोरं मात्र कडक इस्त्रीची, गळ्यात टाय, डोक्याला चप्प तेल. माझी पोरं अनवाणी. गंगीनं केसांत झेंडूचं फूल खोवलं होतं, बिरोबावरचं उचललेलं.

ठरलं ते असं. सरांनी एक शब्दकोडं रचून आणायचं, मी एक. त्यांचं माझ्या पोरांनी सोडवायचं, माझं त्यांच्या पोरांनी. शब्द दोन्ही शाळांच्या पुस्तकातलेच. ज्याचं कोडं पुरतं भरेल तो जिंकला.

आधी त्यांची पोरं. पोरं हुशार होती, उगीच कशाला खोटं बोलू? फटाफट भरत गेली. पण एके ठिकाणी अडली. खूण होती, "बकरी, घोडा, मेंढी यांच्या पायाचं नख." बिचाऱ्यांनी 'नेल' म्हटलं, 'फूट' म्हटलं, एकानं 'शूज' म्हटलं. ते घर रिकामंच राहिलं. माणसं हसली. देशमाने सरही हसले आणि म्हणाले, "बाई, खूर कधी बघितलाय कुठं यांनी!"

मग माझी पोरं. सरांनी फळ्यावर चौकोन आखले आणि खुणा वाचायला लागले. "ढगात गडगडतं ते." पोरगं उभं राहिलं, थंडर. "उन्हात तुझ्यामागं येते, रात्री येत नाही." शॅडो. "आभाळ टेकतं ती रेघ." धुळ्याची मान लांब झाली, होरायझन, अक्षरांसकट. प्रत्येक शब्दाला वस्ती टाळ्या पिटत होती. फेटेवाले एकमेकांना कोपरानं ढोसत होते. कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर साहेबागत बोलाय लागली!" मला उभं राहवेना आणि बसवेना.

एकच घर उरलं. ते भरलं की झालं.

सरांनी खूण वाचली, "पाऊस आला की उघडते, घरात आलो की मिटते."

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. याहून सोपं काय असणार? खरं तर सरांनी शेवटी मुद्दाम सोपी ठेवली असावी. धनगराचं पोर आणि त्याला छत्री ठाऊक नाही? समोर बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या काखेत ती होती.

पोरं गप्प.

मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. सरांनी पुन्हा वाचलं, सावकाश. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. गंगीनं ओठ घट्ट मिटले. बाकीची जमीन उकरत बसली.

"छत्री रं, छत्री!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "छत्रीला काय म्हनत्यात?"

टाळ्या थांबल्या होत्या. मागं कुजबुज सुरू झाली. होरायझन येतो आणि छत्री येत नाही म्हणजे पाठ करून घेतलंय नुसतं, असं कुणीतरी म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

"धुळा," मी म्हटलं, "बोल. येतो ना तुला?"

"येतो, बाई."

"मग?"

"त्यो मायीचा हाय."

मग सगळं एकदम लक्षात आलं, आणि आधी आला तो राग. फार राग आला. इतक्या दिवसांची मेहनत, भावाशी घेतलेला वाद, सगळं त्या एका खुळ्या नियमापायी मातीत जाणार होतं.

"मायी इथं नाही ना, बाळा," मी आवाज गोड करून म्हटलं. "ती गेली. जाताना तुम्हाला सांगून गेली की नाही तिचे शब्द?"

"राखाय दिल्यात तिनं," धुळा म्हणाला. "वापराय न्हाई."

"आमी रोज म्हनतो, बाई," गंगी म्हणाली. "सांजच्याला. इसरू नये म्हनून. ती आली की तिचं तिला द्याचं हाय."

"बरं, मग मी परवानगी देते. तो शब्द मीच दिला होता ना तिला? मी सांगते, बोला."

धुळ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू माझीच काहीतरी चूक होतेय आणि मोठ्या माणसाला ती दाखवायची कशी, हे त्याला कळत नव्हतं.

"पर तुमी दिलासा न्हवं तिला? मंग आता त्यो तुमचा कसा, बाई?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हा सांभाळायचा, असं धुळ्याला पुढ्यात उभं करून मीच सांगितलं होतं. त्यानं तेवढंच ऐकलं होतं आणि ते पुरतं ऐकलं होतं. राग कुठल्या कुठं गेला. एवढ्या माणसांत रडायचं नाही म्हणून मी फळ्याकडं तोंड केलं.

देशमाने सर जवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, पोरांना शब्द येतोय हे तर दिसतंच आहे. मी भरून टाकतो ते घर. माझी काही हरकत नाही."

त्यांनी खडू फळ्याला टेकवलाही. माणूस मनानं मोठा होता. आणि मला ते घर किती हवं होतं म्हणून सांगू! त्या एका घरावर माझी शाळा होती. मी त्यांचा हात धरला.

"नको, सर."

"अहो, पण..."

"पोरांनी घेतला नाही. मी कसा घेऊ? राहू द्या रिकामं."

सरांनी खडू खाली ठेवला. मी आबांकडं वळले. आवाज ताठ ठेवला. "आबा, दोन्हीकडं एकेक घर रिकामं राहिलं. बरोबरी झाली. काय ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी शब्द फिरवणार नाही."

आबा घोंगडीवरची काडी उचलून मोडत बसले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तानूबाई उठली. विरू पदराला होताच.

"कुनाची मायी म्हनला रं त्यो?" तिनं विचारलं. "आमची?"

"व्हय, आज्जे," धुळा म्हणाला.

"काय राखाय दिलं तिनं तुमास्नी?"

"शब्द."

"आन् तुमी रोज बगताय व्हय ते?"

"व्हय की. हापशावर. तू रोज आमच्यावर वरडतीस न्हवं, पानी सांडू नगा म्हनून? तवाच."

तानूबाई तशीच उभी राहिली. तिच्या तोंडाचा पट्टा कधी बंद पडलेला मी बघितला नव्हता. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड. बोलली तेव्हा आवाज रोजचा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मला विंग्रजी कळत न्हाई. हुशार कोन आन् ढ कोन तेबी कळत न्हाई. माझं ल्योक-सून खाली गेल्याती. थोरली पोरगी नेली. दोन माझ्या गळ्यात. मला दिसत न्हाई धड. उद्या मी आडवी झाले तर ह्या पोरास्नी कोन बगनार, ह्यो घोर लागलाय मला. गाडी दारात आनून सोडती म्हनले, कुनीतरी मोजून आनून सोडंल, म्हनून मी गाडी गाडी करत हुते." ती देशमाने सरांकडं वळली. "सर, तुमी बरं मानूस हायसा. राग धरू नगा. पर जी पोरं माज्या नातीमागारी तिचा साधा शब्द खर्चत न्हाईत, ती माजी लेकरं वाऱ्यावर सोडतील व्हय? गंगी बाईकडंच ऱ्हाईल."

मग मागून एक म्हातारा उठला. त्याचाही मुलगा दिवाळीनंतर निघणार होता. "आमचंबी," एवढंच म्हणाला आणि बसला. मग आणखी एक बाई. मग एकदम गलका झाला. कोण काय म्हणतंय ते कळेना, आणि आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"म्हंजी ठरलं की," ते म्हणाले. "आता मला काय इचारताय?"

मी तिथंच देवळाच्या पायरीवर बसले. आबांनी ज्या दिवशी मला बोलावलं होतं, त्याच दिवशी ते सांगत होते की मागं पोरं ठेवून जायचं म्हणजे जीव राहत नाही. ते मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. मला वाटत होतं, वस्ती मला इंग्रजीबद्दल विचारतेय. वस्ती विचारत होती, आम्ही नसताना आमच्या लेकरांचं काय. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतंच. ते पोरांजवळ होतं आणि त्यांनी ते तोंड घट्ट मिटून दिलं होतं.

देशमाने सर जाताना म्हणाले, "बाई, एखाद्या शनिवारी माझी पोरं आणू का? अंगणातलं कोडं बघायला?"

"आणा," मी म्हटलं. "पण बूट काढून. चुना पुसतो."

माणसं पांगू लागली. मी उठले तर समोर तानूबाई. आता ती पुन्हा नेहमीची तानूबाई झाली होती, कमरेवर हात, भुवया वर.

"बाई, ह्यो इरू. फुडल्या वरसाला तुमच्याकडं पयलीत यील. पर त्यो आतापासनंच यून बसतो म्हनतोय."

"येऊ दे की."

"नुसता बसवू नगा. त्यालाबी द्या कायतरी राखाय."

विरू आजीच्या मागं दडला होता. मी गुडघ्यावर बसले, त्याला पुढं ओढलं आणि त्याच्या कानात एक शब्द सांगितला. एकदा सांगितला, त्यानं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. पुन्हा सांगितला. मग त्यानं मान डोलावली.

"काय दिलं रं बाईनं?" तानूबाईनं विचारलं.

विरूनं मूठ मिटली आणि ती पाठीमागं नेली.

"न्हाई सांगनार," तो म्हणाला. "माझा हाय."